धुरीभाऊजींचं गोडं पाणी

आमच्या मजल्यावर एक गृहस्थ रोज सकाळी समुद्र चाखतात.

चहाच्या आधी. उजव्या हाताची करंगळी काचेच्या टाकीत बुडवायची, जिभेच्या शेंड्याला लावायची, डोळे मिटायचे आणि सुनेच्या आमटीवर मत देणाऱ्या सासूसारखा चेहरा करायचा. मग निकाल. "चिमूटभर चढलंय." पाण्याचा खारटपणा मोजायचं दुर्बिणीसारखं एक यंत्र त्यांच्याकडे आहे. त्यात थेंब टाकून उजेडाकडे धरलं की आत निळी रेघ दिसते. पण यंत्र नंतर, आधी जीभ. दोघांचं जुळलं तर यंत्र चांगलं. नाही जुळलं तर यंत्र पुसायला घेतात.

त्या पाण्यात मासे काय काय करतात हे मी एकदा आडवळणाने सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "समुद्रात काय वेगळं करतात, वयनी?" तेव्हापासून मी चौपाटीला पाय ओले करत नाही.

यांचं नाव सदानंद धुरी. सगळे धुरीभाऊजी म्हणतात. मूळ मालवणाकडचे, जन्म चिंचपोकळीच्या चाळीतला. ती चाळ पाडून तिथे हा टॉवर उभा राहिला आणि आम्ही समोरासमोर आलो. वडील गिरणीत. हे स्वतः रे रोडला, बंदरातला माल सोडवून देणाऱ्या एका कंपनीत हेडक्लार्क. बोटीवरून उतरलेला माल लगेच गावात जात नाही, कागद पुरे होईपर्यंत थांबतो. वस्तूंना थांबवून ठेवण्याचा पगार त्यांनी जन्मभर घेतला. निवृत्तीनंतर ते मासे थांबवायला लागले, बिनपगारी.

म्हणजे असं. वरळी-दादरकडे मोठमोठ्या घरांत खाऱ्या पाण्याच्या मोठ्या टाक्या असतात. नवा मासा आणून थेट त्या टाकीत सोडला आणि त्याला रोग असला, तर टाकीतले सगळेच जातात. म्हणून नव्या माशाला आधी वेगळ्या टाकीत ठेवायचं. याला इंग्रजीत जो शब्द आहे तो सगळ्या जगाने मध्यंतरी स्वतःच्या अंगावर भोगला, त्यामुळे समजावून सांगत नाही. भाऊजी त्याला 'कोरंटीन' म्हणतात. कुर्ल्याचा मासेवाला गिऱ्हाइकांचे नवे मासे यांच्याकडे पाठवतो. हे त्यांना सव्वा महिना सांभाळतात, औषधपाणी करतात आणि ठणठणीत झाले की ज्याच्या त्याच्या घरी रवाना करतात.

सव्वा महिना हे कुठल्या पुस्तकात आहे, असं मी विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "बाळंतिणीला किती दिवस ठेवतात माहेरी? सव्वा महिना. मग माशांनी काय पाप केलंय?"

तर ती टाकी म्हणजे माशांचं माहेर. टाकीत वाळू नाही, प्रवाळ नाही, शोभेचं काही नाही. तळाला रिकामी काच, लपायला प्लंबिंगच्या पाइपाचे दोन तुकडे आणि बुडबुडे सोडणारा एक दगड. त्यांची स्वतःची मोठी टाकी कुठे असेल म्हणून पहिल्यांदा गेले तेव्हा मी घरभर शोधली. नव्हतीच. मासा आला, बरा झाला, गेला. पिशवीत पाणी भरून, तोंड रबराने बांधून, मासेवाल्याच्या हाती देताना भाऊजी पिशवीजवळ तोंड नेऊन म्हणतात, "जातंय म्हणू नको, येतंय म्हण." मासा तोंड उघडतो, मिटतो. भाऊजींना तेवढं पुरतं.

या कोरंटीनची सवय माणसाला लागली की सुटत नाही. नवा शर्ट त्यांच्याकडे सव्वा महिना खुंटीवर लटकतो, मग अंगावर. नवा मिक्सर इतके दिवस खोक्यात राहिला की त्याची गॅरंटी त्याच्यापेक्षा आधी थकली. दिवाळीच्या शुभेच्छांना त्यांचं उत्तर तुळशीचं लग्न लागून गेल्यावर येतं. माझा चुलतभाऊ कोल्हापूरहून आला तेव्हा भाऊजींनी त्याला लिफ्टपाशीच गाठलं आणि मुंबईत येऊन किती दिवस झाले विचारलं. भावाला वाटलं आपुलकी. त्याने आपल्या प्रकृतीची सगळी हकीकत सांगितली. भाऊजी एकेक पाऊल मागे सरकत ऐकत होते.

टाकीची भाषा सगळी स्वयंपाकघरातली. माशांच्या घाणीने पाण्यात अमोनिया होतो, तो खाऊन टाकणारे जंतू स्पंजात वाढवावे लागतात. हा स्पंज म्हणजे 'विरजण'. मासेवाल्याच्या जुन्या टाकीतून ते विरजण आणायचं, नव्या पाण्यात सोडायचं, लागलं की नाही ते बघायचं. माझं दही कधीच लागत नाही हे मजल्यावर सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे त्यांनी मला स्पंजाला हात लावायची मनाई केली होती.

विरजण लागलं की नाही ते कळायला काचेच्या नळीत थेंब टाकायचे. पाणी पिवळं राहिलं तर उत्तम. हिरवं झालं की अमोनिया, धावाधाव, निम्मं पाणी बदला. हे इतकं अंगात मुरलं की भाऊजींना हिरवा रंगच बघवेना. भाजीवाल्यासमोर पालकाच्या जुड्या ओलांडून ते भोपळ्याकडे जात.

आणि एवढं सगळं करून माणूस पट्टीचा मासे खाणारा. बुधवार, शुक्रवार, रविवार बांगडे. "तळायचे वेगळे, पाळायचे वेगळे." मात्र तवा तापायच्या आधी आतल्या खोलीचं दार लावायचं आणि टाकीवर चादर पांघरायची. आतल्या माशांना वास नको. मी म्हटलं, माशांना माशांचा वास कसला? तर म्हणे, "आपल्या शेजारच्या घरात माणूस तळला तर तुम्हाला चालेल काय?"  

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

भाऊजींची बायको, कुंदावहिनी, टॉवर होण्याच्या आधीच गेली. एकच मुलगी, मेघा. लग्न होऊन पुण्याला. गेल्या वर्षी तिच्याकडे गोड बातमी आली आणि भाऊजींनी त्याच आठवड्यात आतल्या खोलीला रंग काढला. पिवळा, अर्थात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, यात त्यांच्या दृष्टीने बोलण्यासारखं काही नव्हतं.

पण कुंदावहिनीची बहीण, नलूमावशी, हिच्या दृष्टीने होतं. ती एक दिवस खोली बघायला आली. तिने टाकी पाहिली, बादल्या पाहिल्या, नळ्या पाहिल्या, खुंटीवर थांबलेला शर्ट पाहिला. मग ती आमच्याकडे चहाला बसली आणि म्हणाली, बाईमाणूस नसलेल्या घरात बाळंतीण कोण ठेवतं? तिचं मत होतं की मेघाने सासरीच राहावं, फार तर मावशीकडे वसईला यावं. सासरच्यांनाही तेच सोयीचं वाटत होतं. मेघा बिचारी मधल्या मधे. 

भाऊजींनी नलूमावशीला लिफ्टपर्यंत पोचवलं. ती गेल्यावर मला म्हणाले, "सव्वा महिना मी आजवर किती जणांचा काढला, वयनी? एक तरी अशक्त परत गेलाय?" ते माशांबद्दल बोलत होते, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

डोहाळजेवण पुण्याला ठरलं. तिथेच सगळ्यांसमोर विचारायचं, असं भाऊजींनी मनाशी पक्कं केलं. साडी घ्यायला मला दादरला नेलं. डोहाळजेवणाला हिरवी साडी हे दुकानदाराला माहीत, मला माहीत, जगाला माहीत. दुकानदार एकेक हिरवी उलगडत होता आणि भाऊजी गादीवर बसल्या बसल्या मागे सरकत होते. शेवटी भिंत आली. मग पिवळी साडी निघाली, हिरव्या काठाची. भाऊजींनी काठ बोटाने मोजला आणि म्हणाले, "काठापुरता अमोनिया चालेल."

नेमका त्याच सुमारास टाकीत एक निळा मासा आला. बशीएवढा, शाईसारखा निळा, शेपटी पिवळीधमक. आला तेव्हा अंगभर पांढरे ठिपके, मीठ भुरभुरल्यासारखे. भाऊजी म्हणाले, कांजण्या. औषध सुरू झालं. औषधाने ठिपके जायला लागले, पण मासा नाजूक, पाणी जरा हललं की पाइपात तोंड घालून बसायचा. तिला, म्हणजे त्याला, ते निळूबाय म्हणायचे. अशा पोरीला टाकून पुण्याला जायचं त्यांच्या जिवावर आलं. पण जायचं तर होतंच.

निघताना किल्ली माझ्या हातात दिली आणि सूचना एकच. टाकीवर मार्करने रेघ मारली होती. पाणी उडून रेघेच्या खाली गेलं तर भरायचं. "गोडं घाला. खारं नको." पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून साधं पाणी घालायचं, एवढा साधा हिशेब. फिल्टरच्या पाण्याचा कॅन त्यांनी टाकीशेजारी ठेवलाच होता.

मी शाळेत शिकवते. दुसऱ्या दिवशी सकाळी मला घाई होती. चपला घालता घालता मी नवऱ्याला, विलासला, सांगितलं, भाऊजींच्या टाकीत बघ, रेघेच्या खाली गेलं असेल तर गोडं पाणी घाल.

विलासबद्दल दोन शब्द. सातारकडचा, स्वभावाने अतिशय गोड आणि जिभेनेही. चहात तीन चमचे. आपल्या भाषेत गोडं वरण असतं, त्यात गोड काही नसतं. गोडं तेल असतं, गोडा मसाला असतो, त्यातही साखर नसते. हे सगळं त्याने माझ्या हातचं वर्षानुवर्षं खाल्लं आहे. पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात आलं की मासा आजारी आहे, अशक्तपणा आला असेल, आजाऱ्याला ग्लुकोज लावतातच. त्याने पातेलंभर पाण्यात साखर घातली, ढवळून ढवळून विरघळवली, एक दाणा राहू दिला नाही, आणि टाकीत ओतली.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मी दार उघडून आत गेले तर टाकीत पाण्याच्या जागी ताक होतं. निळूबाय वर, पाण्याच्या काठाशी, तोंड उघडमीट करत होती.

विलासने काय केलं ते त्याने मागून येऊन मला तिथे सांगितलं. त्याला ओरडायलाही वेळ नव्हता. मी भाऊजींना फोन लावला.

आता, भाऊजी फोन नेहमी स्पीकरवर ठेवून बोलतात. कानाला फोन लावला की कान तापतो म्हणतात. पुढचं मला नंतर मेघाने सांगितलं. पुण्याच्या त्या हॉलमध्ये फुलांची वाडी भरलेली मेघा झोपाळ्यावर बसलेली, ओटी भरायला बायकांची रांग, आणि नलूमावशीने नुकतंच सर्वांसमोर जाहीर केलेलं की बाळंतपण वसईला. भाऊजी कोपऱ्यात पेढ्यांचं ताट धरून उभे. विचारायचं ते राहिलेलंच. इतक्यात माझा फोन.

"भाऊजी, दुधासारखं झालंय सगळं," मी म्हटलं. हॉलमधली गाणी थांबली.

"श्वास कसा घेते?"

"वर येऊन. भराभर."

"घाबरू नको गो बाय," ते म्हणाले. मला म्हणाले की माशाला, देव जाणे. मग एकेक सांगत गेले. हवेचा दुसरा दगड कपाटात आहे, तो आधी सोडा. खाऱ्या पाण्याचं पिंप भरून ठेवलंय, त्यातलं घ्या, निम्मं बदला. गार असेल, हाताला सारखं लागेल इतपत येऊ द्या. तिच्या अंगावर ओतू नका, काठाकाठाने सोडा. पडदा ओढा, उजेड नको तिला. आज खायला काही द्यायचं नाही, आणि कोणी काचेवर टकटक करायची नाही. बाहेरून आलेल्यांनी हात कोपरापर्यंत धुवायचे. मी मधेच साखरेचं सांगून टाकलं. "विलासराव तिथे आहेत काय?"

विलास होता. फोनपासून शक्य तितका लांब.

"विलासराव, साखरच घातलीत ना? वेलची नाही ना घातली?"

"घातली असती," विलास म्हणाला, "पण सापडली नाही."

हे सगळं तिथल्या शंभरेक बायकांनी ऐकलं. त्यातल्या निम्म्यांना वाटलं चिंचपोकळीला कोणीतरी अडलेलं आहे. मेघाची सासू तर ओटीचं तबक खाली ठेवून जवळ आली आणि भाऊजींना म्हणाली, अहो, डॉक्टरला बोलवा. भाऊजींनी तिच्याकडे बघितलं नाही. ते मला आमच्या हालचालीतली प्रत्येक गोष्ट विचारत होते. पाणी किती गेलं, किती आलं, निळूबाय खाली गेली का, पाइपात शिरली का. शेवटी मी सांगितलं की शिरली, शांत आहे. तेव्हा त्यांनी पेढ्यांचं ताट खुर्चीवर ठेवलं आणि खिशातून रुमाल काढला.

"चाखून बघा," ते म्हणाले. "जरा. करंगळीने."

मी चाखलं. होय, मी. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं.  मी म्हटलं, आमटीला मीठ जरा जास्तच झालंय, पण साखर लागत नाही.

"बस," भाऊजी म्हणाले. "वाचली."

 मग फुलांच्या जाळीतून मेघानेच मान बाहेर काढली आणि म्हणाली, "मावशी, मी बाबांकडे जाणार." नलूमावशी म्हणाली, अगं पण तिथे बाईमाणूस नाही. त्यावर मेघाची सासू म्हणाली की बाईमाणसं आमच्या घरात चार आहेत, एकीने तरी मला कधी हात कोपरापर्यंत धुवायला सांगितलंय का? आणि हसली. झालं.

निळूबाय तिचा सव्वा महिना पुरा करून वरळीला गेली. "येतंय म्हण" झालं. मेघा यायच्या आधी आतली खोली मोकळी करायची म्हणून टाकी, बादल्या, विरजण हे सगळं आमच्या हॉलमध्ये आलं. टीव्हीच्या जागी. आता आम्ही जेवताना दोन पट्टेवाले मासे आमच्याकडे बघतात आणि बांगडे तळायचे असले की आमच्याच घरात चादर पांघरली जाते. नलूमावशीही पंधरा दिवस मदतीला येऊन राहिली. तिला दारातच हात धुवायला लावले.

मुलगी झाली. त्या सव्वा महिन्यात भाऊजींचं जे चाललं होतं ते मी दाराच्या फटीतून बघितलं. आंघोळीच्या पाण्यात टाकीचा थर्मामीटर. डिंकाचे लाडू आधी स्वतः चाखणार, मेघाचं खिमट आधी स्वतः चाखणार. भेटायला येणाऱ्यांना सर्दी कधी गेली याची चौकशी. बाळ झोपलं की पडदा ओढून, बाहेर स्टूल टाकून बसणार, कोणी टकटक करू नये म्हणून. बारशाला मात्र मेघाने हिरवी साडी मागितली आणि भाऊजींनी जाऊन एकट्याने आणली, गर्द हिरवी, काठासकट.

मग सव्वा महिना संपला. जावई गाडी घेऊन आला. ओटी मी भरली. सगळं सामान खाली गेलं आणि मेघा बाळाला घेऊन लिफ्टच्या दारात उभी राहिली. ती थांबली होती. ते वाक्य ऐकायला थांबली होती, हे मला कळत होतं, जावयालाही कळत होतं. भाऊजी लिफ्टचं बटण दाबून धरण्यात गुंतले होते. दार उघडंच होतं, तरी ते बटण सोडत नव्हते.

"बाबा, येते," शेवटी तीच म्हणाली.

भाऊजींनी बटण सोडलं.

ते त्यांच्या घरी गेले नाहीत. आमच्याकडे आले, टाकीपाशी उभे राहिले, करंगळी बुडवली, जिभेला लावली. बराच वेळ डोळे मिटून राहिले.

"खारट लागतंय गो, वयनी, आज," ते म्हणाले. "गोडं घालायला हवं."

मी यंत्र उजेडाकडे धरून पाहिलं. निळी रेघ जिथे असायला हवी तिथेच होती. मी यंत्र पुसून खाली ठेवलं. आत वळून विलासला म्हटलं, जरा गोडं पाणी आण.

या वेळीही त्याने कुठलं ते विचारलं नाही. तो पेला घेऊन बाहेर आला. लिंबू पिळलेलं, चांगली तीन चमचे साखर, वरती वेलची. टाकीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. पेला भाऊजींच्या हातात दिला आणि त्यांच्या शेजारी, टाकीकडे तोंड करून, उभा राहिला.

भाऊजींनी घोट घेतला. जिभेवर घोळवला.

"वेलची सापडली म्हणायची," ते म्हणाले.